खड्डा खांबांचाच आहे ना?

चिपच्या पृष्ठभागावरून धावणाऱ्या ध्वनिलाटेला आम्ही लॅबमध्ये ‘सॉ’ म्हणतो. तिच्या वाटेत इवले खांब उभे केले की ते आपल्या रेझोनन्सला, म्हणजे स्वतःच्या ठरावीक वारंवारतेला, तिच्यासोबत डोलू लागतात, ऊर्जा ओढून घेतात आणि पलीकडे पोचलेल्या लाटेच्या आलेखात खड्डा पडतो. खांब उभे करणं त्यामानाने सोपं. खड्डा त्यांचाच आहे हे सिद्ध करताना घाम फुटतो.

१०० मेगाहर्ट्झ धरा. १२८ अंशांत कापलेल्या लिथियम नायोबेट स्फटिकावर सॉ सेकंदाला सुमारे ३९८० मीटर धावते. म्हणजे तरंगलांबी ४० मायक्रॉन, लाट उठवणाऱ्या कंगव्यासारख्या इलेक्ट्रोडचं (ट्रान्सड्यूसरचं) एकेक बोट १० मायक्रॉन. बोटांच्या पाचच जोड्या ठेवा, जास्त घेतल्या तर वारंवारतेचा पट्टा अरुंद होतो. खांब एसयू-८ या प्रकाशाने घट्ट होणाऱ्या पॉलिमरचे, ३ मायक्रॉन जाड. त्याच्या बारीक दांड्यात ध्वनीचा वेग साधारण १८०० मीटर. खांबातल्या तरंगलांबीचा पाव भाग म्हणजे उंची ४.५ मायक्रॉन. हा अंदाजच, म्हणून ४.२ आणि ४.८ च्याही चिप करा.

एसयू-८ भाजताना नायोबेट तापलेल्या हॉटप्लेटवर ठेवू नका. गार प्लेटवर ठेवून सावकाश तापवा. माझा पहिला वेफर (नायोबेटची चकती) ‘टक्’ करून दुभंगला.

खांब एकसारख्या अंतरावर नकोत, विस्कटून पेरा. मी २० मायक्रॉनवर शिस्तीत ओळी मांडल्या होत्या. झकास खड्डा आला, सगळ्यांना चहा पाजला. मग उंची बदलली, तर खड्डा जागचा हलेना! २० म्हणजे अर्धी तरंगलांबी. ओळींनी मिळून लाट माघारी धाडली होती. चहाचे पैसे गेले.

लाट सोडणारा आणि टिपणारा, अशा दोन ट्रान्सड्यूसरांत ४ मिलिमीटर अंतर ठेवा. सॉ एका मायक्रोसेकंदाने पोचते, थेट उडी मारणारी विजेची गळती मात्र लगेच. वारंवारतेनुसार सिग्नल मोजणाऱ्या नेटवर्क अ‍ॅनालायझरवर टाइम गेटिंगने, म्हणजे ठरावीक वेळेत आलेलाच सिग्नल ठेवून, ती छाटा. शेजारी एक बिनखांबांची लाइन, म्हणजे तशीच ट्रान्सड्यूसरांची जोडी, हवीच. तिच्या वाटेवर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेला कापूस टेकवा: लाट द्रवात विरते, उरते ती गळती.

आता खांबांची लाइन बिनखांबांच्या लाइनशी ताडून फेज, म्हणजे लाट किती मागे-पुढे सरकली ते, बघा. रेझोनन्सच्या खाली खांब ओझ्यासारखे वागून लाट मंदावतात, वर गेलं की उलट. फेजला असा वळसा नसेल तर माझा विश्वास नाही. वळसा असेल तर ४.८ ची चिप लावा आणि खड्डा ९४ मेगाहर्ट्झच्या आसपास शोधा.