पायाचं शिबिर फळलं का, हे घरी जाऊन बघा

मी चंद्रपूर जिल्ह्यात कुष्ठरोग तंत्रज्ञ आहे. गोळ्यांचा कोर्स कधीच संपला, पण तळपाय बधिर राहिले, अशी माणसं माझ्याकडे जास्त. 2016च्या कायद्यातल्या 21 प्रकारच्या दिव्यांगांत तीही येतात. त्यांच्यासाठी आम्ही शिबिर घेतो: पाय वीसेक मिनिटं साध्या पाण्यात भिजवा, घट्टे वज्रीने घासा, पाय ओला असतानाच तेल लावा, रोज तळवा न्याहाळा.

माझ्या पहिल्या शिबिराच्या अभिप्रायात सगळीकडे ‘छान’ होतं. (लिहिलं मीच होतं, बऱ्याच जणांच्या वाकड्या बोटांत पेन धरवत नव्हता.) दोन महिन्यांनी त्यातल्याच एका काकांच्या टाचेत काटा पिकलेला सापडला.

आता शिबिराआधीच दोन्ही तळव्यांचं चित्र काढून ठेवतो. भेगा, घट्टे, जखमा, सगळ्याच्या खुणा. जखमेची लांबी-रुंदी मोजपट्टीने. ही नोंद नसेल तर नंतर ताडून बघायला काही उरत नाही. बधिरपणा तपासा, पण त्यावरून शिबिराला गुण देऊ नका. जुना बधिरपणा पाय भिजवून जात नसतो.

शिबिराच्या शेवटी प्रश्न विचारू नका, ‘करून दाखवा’ म्हणा. पाणी कसं घ्यायचं विचारलं तर सगळे ‘साधंच’ म्हणतात. घमेलं पुढे ठेवलं की एखादी आजी म्हणते, “जरा कोमट करून आणते.” बधिर पायाला चटका कळत नाही, हे तिच्यापर्यंत पोचलेलंच नसतं.

महिन्याने घरी जा. येणार हे आधी सांगा, वार मात्र सांगू नका. तेलाची बाटली किती उतरली? वज्री ओली की जाळ्यात अडकलेली? एमसीआर चप्पल (बधिर पायांसाठीची, मऊ रबरी तळाची) झिजलेली दिसली पाहिजे. एका आजीने ती नातीच्या लग्नासाठी पेटीत जपून ठेवली होती! आणि वज्री कोरडी असली की लगेच आळशी ठरवू नका. एका काकांच्या मुठीत ती बसतच नव्हती. वज्रीला जाड कापड गुंडाळून दिलं, काम झालं. तो दोष आमच्या शिबिराचा होता.

तीन महिन्यांनी पुन्हा चित्र काढा. भरलेल्या जुन्या जखमा एका रकान्यात, नव्या दुसऱ्या. मी नव्यांकडे जास्त बघतो. हाडापर्यंत गेलेली जुनी जखम नुसत्या घरच्या काळजीने भरत नाही, तिला दवाखानाच लागतो.

हंगाम मात्र विसरू नका. आमच्याकडे पावसाळ्यात धानाची रोवणी, दिवसभर पाय चिखलात. मेमधला पाय ऑगस्टशी ताडलात तर शिबिर वाया गेलं असंच वाटेल. ऑगस्ट पुढच्या ऑगस्टशीच ताडा.

न आलेल्यांची नावंही यादीतून काढू नका. ज्याचा पाय सगळ्यात वाईट, तोच घरी राहतो. माझ्या वहीत ‘का आले नाहीत’ असा रकाना आहे. त्यात बहुतेक जागी एकच उत्तर: एसटीच्या फाट्यापर्यंत चालवत नाही. यंदाचं शिबिर म्हणून त्यांच्याच गावच्या समाजमंदिरात ठेवलंय.