यात्रेतील दारूकामाआधी नळ्यांची पाहणी : यात्रा कमिटीसाठी तयारीची यादी

तासगाव तालुक्यातील कवठे एकंदचा दसरा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना दारूकामाचे वेड म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही. सिद्धराज महाराजांच्या पालखीपुढचे औट, म्हणजे तिथले पारंपरिक दारूकाम, पाहून आलेल्या तरुणांना आपल्याही यात्रेत नळीतून वर सोडायचे आकाशी गोळे उडावेत असे वाटते, आणि बैठकीत कोणीतरी हमखास म्हणतो की शेडमध्ये पाइपाचे तुकडे पडूनच आहेत, त्यांच्याच नळ्या कापू. म्हणून यादीतील पहिली नोंद अशी असावी की नळ्या आणि गोळे यांपैकी काहीही गावात तयार करायचे नाही; दोन्ही परवानाधारक ठेकेदाराने आणायचे, त्यानेच मांडायचे आणि त्याच्याच माणसांनी पेटवायचे. विस्फोटक नियम 2008 प्रमाणे त्याचा परवाना चालू आहे का, हे मूळ कागद पाहून खात्री करावी. मोबाइलवरच्या फोटोवर भागवू नये. कवठे एकंदमध्ये 2015 साली फटाक्यांच्या कारखान्यात झालेल्या स्फोटात माणसे दगावली, आणि ते तर पिढ्यान्‌पिढ्या दारूकाम जाणणारे गाव.

ठेकेदार ठरला की कमिटी निर्धास्त होते, पण त्याने टेम्पोतून उतरवलेल्या नळ्या दिवसाउजेडी पाहणे हे कमिटीचेच काम आहे. गोळा ठरल्याप्रमाणे वर गेला तर नळी कशाची होती याने फारसा फरक पडत नाही. तो आतच फुटला तर मात्र सगळे नळीवर अवलंबून असते. राखाडी किंवा पांढरा पीव्हीसी पाइप अशा वेळी तडकतो आणि त्याच्या सुरीसारख्या धारदार चिपा चहूकडे उडतात. शरीरात घुसलेल्या अशा चिपा शोधून काढणे डॉक्टरांनाही अवघड जाते. लोखंडी नळी फुटली तर तिचे तुकडे त्याहून जड आणि त्याहून घातक असतात. काळा एचडीपीई पाइप चिवट असतो; तो बहुधा फुगतो किंवा उभा फाटतो, चिपा होऊन उडत नाही. म्हणून प्लास्टिकची नळी असेल तर ती एचडीपीईचीच असावी, आणि पीव्हीसीची एक जरी नळी मांडणीत दिसली तरी ती तिथल्या तिथे बाजूला काढायला लावावी.

येथे बागायतदार मंडळींचा एक आक्षेप ठरलेला असतो, तो असा की पाइपावर दहा किलोचा दाब छापलेला आहे, मग अडचण कसली. तो आकडा पाण्याच्या संथ, सतत राहणाऱ्या दाबाचा आहे. क्षणाच्या शंभराव्या भागात बसणाऱ्या दणक्याबद्दल तो काहीच सांगत नाही. वीज गेल्यावर मोटार एकदम थांबून पाणी उलटे आदळते आणि चांगली पीव्हीसी लाइन वावभर उभी चिरते, हे म्हैसाळ-टेंभू उपसा योजनांच्या पाण्यावर शेती करणाऱ्याला समजावून सांगायला नको. त्यातून पाइप दोन उन्हाळे बांधावर पडलेला असेल तर उन्हाने तो आणखी ठिसूळ झालेला असतो. एचडीपीईच्या पाण्याच्या पाइपात सुमारे अडीच टक्के काजळी मिसळलेली असते ती ऊन सोसण्यासाठीच, मात्र भंगार प्लास्टिक वितळवून वजनावर विकलेला काळा पाइपही वरून तसाच दिसतो, त्यामुळे नुसत्या रंगावर विश्वास ठेवू नये.

ओळख पटवण्याचा सोपा मार्ग म्हणजे ठेकेदाराकडून त्याच पाइपाचा लहान तुकडा मागून पाण्याच्या बादलीत टाकणे : एचडीपीई तरंगते, पीव्हीसी तळाला जाते. एचडीपीईचा स्पर्श मेणचट असतो आणि त्याला सोल्यूशन धरत नाही. म्हणून बुडाचे टोपण सोल्यूशनने चिकटवलेले दिसले तर नळी पीव्हीसीची आहे असेच समजावे. त्यानंतर प्रत्येक नळीत बॅटरीचा झोत टाकून आतली भिंत पाहावी, मात्र हे सर्व गोळे भरण्याच्या आधी. भरलेल्या नळीवर कोणीही, ठेकेदारानेसुद्धा, डोके वाकवू नये. भिंतीला चीर, फुगवटा किंवा जळून पडलेला खळगा असेल, अथवा बुडाचा गट्टू हाताने हलत असेल, तर ती नळी बाद. पुठ्ठ्याच्या नळ्या कारखान्यातून आलेल्या असतील तर चालतात, पण परतीच्या पावसात ओल धरलेल्या, कडा फुगलेल्या नळ्या परत पाठवाव्यात, आणि तोंडे ताडपत्रीने झाकलेली आहेत ना हे सायंकाळी पुन्हा पाहावे.

नळ्या लाकडी चौकटीत घट्ट बसवलेल्या असाव्यात आणि ती चौकट ढकलून पाहिली तरी आडवी होता कामा नये, कारण कलंडलेली नळी गोळा थेट गर्दीत सोडते. नळ्या आणि प्रेक्षक यांच्यातील अंतरासाठी अमेरिकेतील एनएफपीए 1123 या दारूकामाच्या सुरक्षा मानकाचा हिशेब सोयीचा आहे : गोळ्याच्या व्यासाच्या दर इंचामागे 70 फूट, म्हणजे तीन इंची गोळ्याला 210 फूट आणि चार इंचीला 280. देवळापुढचे पटांगण तेवढे नसेल तर गोळ्याचा आकार कमी करावा. टेप कमिटीनेच धरावा आणि दोर पोलीस पाटलांसमक्ष बांधावा. वाऱ्याच्या दिशेला कडब्याच्या गंजी, पाचटाचा फड किंवा द्राक्षबागेवरचे प्लास्टिकचे आच्छादन असेल तर जागा बदलावी. ध्वनिप्रदूषण नियम 2000 प्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत आवाजाचे फटाके उडवता येत नाहीत, त्यामुळे पालखी निघायला उशीर होणार हे गृहीत धरूनच वेळ ठरवावी. जवळच्या साखर कारखान्याच्या अग्निशमन बंबासाठी आठवडाभर आधी लेखी पत्र द्यावे, आणि 108 च्या गाडीला येण्याजाण्याची वाट पाळण्यांच्या व खेळण्यांच्या दुकानांनी अडवलेली नसावी. जानेवारी 2005 मध्ये मांढरदेवच्या यात्रेत झालेल्या चेंगराचेंगरीनंतर तरी सातारा-सांगलीत ही बाब कोणी किरकोळ समजू नये.

वात पेटूनही न उडालेल्या नळीकडे किमान अर्धा तास कोणी फिरकू नये, आणि तिचे पुढे काय करायचे ते ठेकेदारानेच ठरवावे. दुसऱ्या दिवशी उजाडताच, शाळेची मुले पटांगणात उतरण्यापूर्वी, ठेकेदाराच्या माणसांनी कमिटीच्या दोघांसह संपूर्ण मैदान आणि लगतची दोन रानेही पायी धुंडाळावीत. न फुटलेला गोळा दिसला तर हात न लावता तेथे काठी रोवून खूण करावी आणि तो उचलण्याचे काम ठेकेदारावर सोपवावे. ही शेवटची जबाबदारी करारपत्रात लिहून घ्यावी आणि ती पार पडेपर्यंत बिलाची उरलेली रक्कम देऊ नये.