कमी बजेटचा गेमिंग पीसी: पार्ट एकमेकांना जुळतात का ते कसं बघायचं

न जुळणारे पार्ट दोन प्रकारचे असतात. काही बसतच नाहीत, म्हणजे सॉकेट (मदरबोर्डवरची प्रोसेसर बसवायची जागा) वेगळं, रॅमची खाच भलत्या जागी, ग्राफिक्स कार्ड कॅबिनेटमध्ये मावत नाही, आणि ते लगेच कळतं. दुसरे मात्र मुकाट बसतात, पीसी चालू होतो, गेमपण चालतो, फक्त ज्या स्पीडचे पैसे मोजले ती मिळत नाही आणि कुठे साधी एररही येत नाही. बजेट कमी असलं की हा दुसरा प्रकारच जास्त नडतो.

पहिलं काम, मॉनिटर ठरवा. रिझोल्यूशन १०८० पी की १४४० पी, रिफ्रेश रेट (सेकंदाला किती वेळा चित्र बदलतं) ६० हर्ट्झ की १४४, यावरच कार्ड किती दमाचं लागेल ते ठरतं. मग ग्राफिक्स कार्ड, आणि बजेटचा सगळ्यात मोठा वाटा त्यालाच द्यायचा. १०८० पी साठी आरएक्स ६६०० किंवा आरटीएक्स ४०६० च्या आसपासचं कार्ड बघा, मेमरी ८ जीबीच्या खाली नको.

त्यानंतर प्रोसेसर, बोर्ड आणि रॅम. हे तिन्ही एकत्रच निवडायचे, सुटे सुटे नाही. एएमडीचं एएम ४ सॉकेट म्हणजे डेस्कटॉपचे रायझन १००० ते ५००० आणि डीडीआर ४ रॅम. एएम ५ म्हणजे ७००० पासून पुढचे, तिथे फक्त डीडीआर ५. इंटेलचं एलजीए १७०० बाराव्या, तेराव्या, चौदाव्या जनरेशनला चालतं पण तिथे गोची अशी की सॉकेट तेच असून काही बोर्ड डीडीआर ४ चे असतात आणि काही डीडीआर ५ चे, त्यामुळे बोर्डचं नाव शेवटच्या अक्षरापर्यंत वाचायचं. माझं मत विचाराल तर हात खूपच आखडता असेल तर एएम ४, थोडी ओढाताण जमत असेल तर एएम ५, कारण एएम ४ मध्ये पुढे अपग्रेड करायला फारसं काही उरलेलं नाही.

सॉकेट जुळलं म्हणून लगेच ऑर्डर टाकू नका. जुन्या बी ४५० बोर्डात रायझन ५ ५६०० व्यवस्थित बसतो, पण बायोस (बोर्डमधलं, पीसी सुरू करणारं सॉफ्टवेअर) जुना असेल तर स्क्रीन काळीच राहते. बोर्ड कंपनीच्या साइटवर सीपीयू सपोर्ट लिस्ट असते, त्यात तुमच्या प्रोसेसरसमोर कुठलं बायोस व्हर्जन लागतं ते लिहिलेलं असतं. काही बोर्डांवर बायोस फ्लॅशबॅकचं बटण असतं, ते असेल तर प्रोसेसर न लावता पेन ड्राइव्हवरून अपडेट होतं, नसेल तर दुकानदाराकडून अपडेट करूनच घ्या.

आता मुकाट बसणाऱ्यांपैकी सगळ्यात बेरकी प्रकार. आरएक्स ६५०० एक्सटी हे कार्ड दिसायला इतर कार्डांसारखंच, मोठ्या स्लॉटमध्ये आरामात बसतं, पण आत पीसीआय ४.० (कार्ड आणि बोर्ड यांच्यातली जोडणी) च्या फक्त ४ लेन, म्हणजे डेटा जायच्या वाटा, जोडलेल्या आहेत आणि मेमरी बहुतेक ४ जीबीच. ए ५२० किंवा बी ४५० बोर्डावर पीसीआय ३.० मिळतं, म्हणजे त्या ४ लेनचाही वेग अर्धा होतो, आणि गेमला मेमरी कमी पडली की टेक्स्चर त्याच अरुंद वाटेने सिस्टीम रॅममधून आणावे लागतात, मग गेम अडखळतो. बरं, बी ५५० बोर्ड घेतला म्हणून सुटलात असंही नाही, कारण रायझन ५ ५५०० आणि ५६००जी हे प्रोसेसरच ३.० वाले आहेत. आरएक्स ६६०० आणि आरटीएक्स ४०६० ला ८ लेन आहेत, त्यांना याचा फटका बराच कमी बसतो.

रॅम १६ जीबीची एकच काडी घेण्यापेक्षा ८-८ च्या दोन घ्या, चार स्लॉट असतील तर शक्यतो प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्यात (बोर्डच्या मॅन्युअलमध्ये असतंच). एक लक्षात ठेवा, नावात एफ असलेले इंटेल आणि साधा रायझन ५६०० यांना स्वतःचे ग्राफिक्स नसतात, कार्ड नंतर घेऊ म्हणालात तर तोवर डिस्प्ले येणारच नाही. एसएसडी घेताना बोर्डचा एम.२ स्लॉट एनव्हीएमई (एसएसडीचा वेगवान प्रकार) चालवतो का तेवढं बघा.

पॉवर सप्लायवर काटकसर नको, पण उगाच मोठा पण नको. आरटीएक्स ४०६० ११५ वॅटचं, रायझन ५६०० ६५ वॅटचा, त्यामुळे चांगल्या कंपनीचा ५५० वॅट पुरतो. ८० प्लसचा शिक्का म्हणजे वीज किती वाया जाते एवढंच, क्वालिटीची गॅरंटी नाही. कार्डला लागतात ते पिन सप्लायवर आहेत का मोजा, आणि प्रोसेसरची ८ पिन केबल आणि कार्डची ८ पिन केबल या वेगळ्या असतात, जोर लावून घुसवू नका. मॉड्युलर सप्लाय (केबल सुट्या काढता येतात तो) असेल तर दुसऱ्या सप्लायच्या केबल वापरू नका, टोक बसतं पण आतली वायरिंग वेगळी असू शकते, त्यात ड्राइव्ह जळतात.

कॅबिनेटमध्ये तीन मापं बघायची: बोर्डचा साइज, कार्डची लांबी, कूलरची उंची. जुना इंटेल कूलर एलजीए १७०० वर वापरायचा असेल तर वेगळा ब्रॅकेट लागतो.

सगळं जोडून झालं की मॉनिटरची केबल बोर्डला नाही, कार्डला लावा. बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्सपो (रॅम तिच्या पूर्ण स्पीडवर चालवायची सेटिंग) चालू करा, नाहीतर ३२०० ची रॅम गुपचूप २१३३ किंवा २६६६ वर चालत राहते, टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा स्पीड दिसतो तो बघून घ्या. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट पण बघा, १४४ चा मॉनिटर बऱ्याचदा ६० वरच असतो. लेन बघायला जीपीयू-झेड हे कार्डची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर टाका. त्यात बस इंटरफेससमोर १.१ असं काहीतरी दिसलं तर घाबरू नका, कार्ड रिकामं असलं की वीज वाचवायला वेग खाली आणतं, शेजारच्या प्रश्नचिन्हावर क्लिक करून छोटी टेस्ट चालू करा आणि मग आकडा वाचा.