एनएफएचएसची कार्यशाळा भरवण्याआधी

हॉल, प्रोजेक्टर, चहा यांवर शब्द घालवत नाही. एनएफएचएस-५ च्या (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीच्या) डेटावर तीन दिवस शिकवायचं असेल तर पहिलं काम डेटाच्या परवानगीचं, आणि तीही प्रत्येक प्रशिक्षणार्थीच्या स्वतःच्या नावावर. मागच्या खेपेला नेमकं हेच राहिलं होतं. मूळ फाइली फुकट मिळतात, पण डीएचएस प्रोग्रामच्या (अनेक देशांतल्या अशा पाहण्यांच्या अमेरिकी उपक्रमाच्या) संकेतस्थळावर नोंदणी करून, अभ्यासाचा विषय लिहून अर्ज करावा लागतो. आयोजकाने आपल्या नावावर फाइली उतरवायच्या आणि पेनड्राइव्ह वर्गात फिरवायचा, हे अटींत बसत नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत त्याला मिळणारा अमेरिकेचा निधी अडकला तेव्हा अर्जांचं काम ठप्पच झालं होतं, म्हणून ‘दोन दिवसांत येते मंजुरी’ या ऐकीव आश्वासनावर जाऊ नका. महिनाभर आधी सगळ्यांना अर्ज करायला लावा. मंजुरीची मेल हातात आल्याशिवाय कुणाचंही नाव पक्कं करू नका, मग तो विभागप्रमुखांचा विद्यार्थी का असेना. जीपीएसच्या फाइली हव्या असतील तर त्या अर्जात वेगळ्या मागायच्या. ज्यांची मंजुरी येणारच नाही त्यांच्यासाठी डीएचएसचा सरावाचा मॉडेल डेटा उतरवून ठेवा. तो काल्पनिक आहे, त्याला परवानगी लागत नाही.

फाइली घरूनच उतरवून आणायला सांगा. वर्गाच्या वायफायवर तीस जण एकदम बसले की सकाळ गेली. स्टेटा या सांख्यिकी सॉफ्टवेअरची बीई आवृत्ती २,०४८ चलांपर्यंतच (चल म्हणजे फाइलीतला एकेक रकाना) जाते आणि स्त्रियांच्या फाइलीत त्याहून कितीतरी जास्त चलं आहेत. ७,२४,११५ स्त्रियांची फाइल आहे ती, ४ जीबी रॅमचा लॅपटॉप तिच्यापुढे मान टाकतो. लागतील तेवढीच चलं उचलायला पहिल्या तासात शिकवा. स्टेटाऐवजी आर वापरणाऱ्यांनी हेवन आणि सर्व्हे ही पॅकेजं आधीच टाकून यावं.

पहिल्या दिवसाचा सराव असा निवडा की उत्तर फॅक्टशीटशी ताडता येईल. महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या मुलांमधल्या खुरटेपणाचा (वयाच्या मानाने कमी उंचीचा) आकडा ३५.२ टक्के आहे, तो काढायला द्या. निम्मा वर्ग मुलांची केआर फाइल उघडेल आणि आकडा जुळणार नाही, कारण तीत फक्त मुलाखत दिलेल्या आयांची मुलं आहेत. अहवालातला आकडा घरातल्या सगळ्या व्यक्तींच्या पीआर फाइलीतून, आदल्या रात्री घरी झोपलेल्या मुलांवरून येतो. एचसी७० हे चल म्हणजे वयानुसार उंचीचा झेड-स्कोअर, शंभराने गुणलेला, म्हणजे उणे २०० च्या खालची मुलं मोजायची. ९९९६ ते ९९९८ हे मोजमाप ग्राह्य नसल्याचे कोड आधी वगळा. नाहीतर ती मुलं छेदात ‘खुरटी नाहीत’ म्हणून बसतात आणि टक्केवारी गुपचूप खाली येते. वेट (प्रत्येक नोंदीला द्यायचं वजन) एचव्ही००५, दहा लाखांनी भागून. एनएफएचएस-५ मध्ये महाराष्ट्राचा कोड २७ आहे, एनएफएचएस-४ मध्ये २०. तुलना करताना जुनाच कोड चिकटवला की पंचाईत.

वेटवर अर्धा दिवस द्या. कौटुंबिक हिंसेचे प्रश्न प्रत्येक घरातल्या एकाच स्त्रीला विचारले होते, तिथे स्त्रियांच्या फाइलीतलं नेहमीचं वेट व्ही००५ नाही, डी००५ लावायचं. हा भाग आणि पुरुषांच्या मुलाखती १५ टक्केच घरांत झाल्या, त्यामुळे ‘जिल्हानिहाय हिंसा’ असा विषय घेऊन कुणी आलं तर तिथेच थांबवा. पंचवीसपेक्षा कमी नोंदींवरचा आकडा अहवालही छापत नाही, तारांकन टाकतो. पाहणी दोन टप्प्यांत झाली हेही सांगा: महाराष्ट्र, गोवा, गुजरात कोविडच्या आधी उरकले, उत्तर प्रदेश आणि तमिळनाडू दुसऱ्या टप्प्यात गेले. राज्यांची शेजारी शेजारी तुलना करणाऱ्यांना हे ठाऊक नसतं.

दुसऱ्या दिवशी फाइली जोडणं: क्लस्टर, घर, व्यक्ती या तिन्ही क्रमांकांवर, आणि न जुळलेल्या नोंदी दर वेळी मोजून. तारखा सीएमसीत (महिन्यांच्या सलग क्रमांकांत) असतात, जानेवारी १९०० म्हणजे १. एकदा फळ्यावर करून दाखवा, बस. तिसऱ्या दिवशी रिग्रेशन, जमलं तर. डू-फाइल (स्टेटाच्या आज्ञांची फाइल) सगळ्यांची जमा करून घ्या.

आणि आदल्या संध्याकाळी पुन्हा नावं वाचा: मंजुरी कुणाकुणाची आलेली नाही?