जुनं बर्च किट घेतलंय? आधी सुताराकडे पळू नका

आमच्याकडे १४ एप्रिलला भीमजयंतीचे कार्यक्रम सुरू होतात ते मे सरेपर्यंत चालतात. या दिवसांत माझ्या अंगणात जितके ड्रम येतात तितके बाकी वर्षभरात येत नाहीत. दुरुस्ती हा काही माझा धंदा नाही. मी ऑर्केस्ट्रात जाझ, म्हणजे ड्रमसेट, वाजवतो, वर्धा-यवतमाळच्या गावागावांत. पण बर्च लाकडाचं सेकंडहँड ड्रम-किट घ्यायचं, आठ दिवसांत त्याची वाट लावायची आणि मग "काका, आवाज येऊन नाही राह्यला" म्हणत दारात उभं राहायचं, हे इतक्या पोरांनी केलंय की एकदा लिहूनच टाकतो.

आधी हे लाकूड समजून घ्या. बर्च म्हणजे हिमालयातल्या आपल्या भूर्जवृक्षाचा भाऊबंद. त्याचा खालचा आवाज भरदार, वरचा टोकदार आणि मधला दबलेला. काडी पडली की ठप्प, आणि लगेच शांत. म्हणून तर स्टुडिओवाल्यांना ते आवडलं. सत्तरच्या दशकात यामाहाने ड्रमची ९००० मालिका काढली, तीच पुढे रेकॉर्डिंग कस्टम झाली. तिच्यामागे ताकाशी हागिवारा हा त्यांचा माणूस आणि वाजवायला अमेरिकन ड्रमर स्टीव्ह गॅड. टॉमला (काडीने वाजवायचे छोटे ड्रम) लाकडाचे सहा थर, किकला (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) सात, लांबलचक लग (स्क्रू अडकतात त्या बाजूच्या धातूच्या पकडी), वर पियानोसारखा काळा लॅकर. आमच्या मंचावर ते शोभतं याचं कारण माझ्या मते वेगळंच आहे. मधल्या आवाजाची जागा ढोलकी, कीबोर्ड आणि गायकाने आधीच अडवलेली असते. बर्च तिथे घुसत नाही. मेपलचं लाकूड गोड वाजतं, मान्य, पण मोकळ्या मैदानात, दोन मोठ्या स्पीकर बॉक्सांवर ते ढोलकीच्या अंगावर येतं.

आता चुका. सगळ्यात मोठी आधी.

मागच्या उन्हाळ्यात हिंगणघाटकडचा एक पोरगा बारा इंची टॉम कापडात गुंडाळून घेऊन आला. टॉम कणकणत होता. मोबाइलवर पाहून त्याला कुणी सांगितलं की ‘बेअरिंग एज’, म्हणजे ताणलेला पडदा टेकतो ती लाकडाची कड, वाकडी असेल. झालं. हा गेला दारं-खिडक्या करणाऱ्या मिस्त्रीकडे. मिस्त्री सागवानातला पक्का, पण ड्रम त्याने आयुष्यात पहिल्यांदा हातात घेतलेला. त्याला ती आत उतरती धार म्हणजे कुणीतरी बिघडवलेलं काम वाटलं. त्याने इलेक्ट्रिक रंधा फिरवला आणि कड चौकोनी, गुळगुळीत, सरळ करून दिली. वर पन्नास रुपये घेतले.

मी बोटाने कड चाचपली आणि पोटात गोळाच आला. ती धार टोकदार असते म्हणून हेड, म्हणजे वरचा पडदा, लाकडाला एका बारीक रेषेवर टेकतं आणि मोकळं थरथरतं. आता ते सहा मिलिमीटरच्या सपाट पट्टीवर बसलं होतं. वाजवलं तर रिकाम्या डालड्याच्या डब्यासारखा आवाज. आणि मुख्य म्हणजे, कणकण तशीच! आत हात घालून पाहिलं, तर लगचा आतला एक स्क्रू सैल. पेचकसाचा एक वेढा, बस.

पोरगा मान खाली घालून बसला. पुढचं काम सोपं नव्हतं. स्वयंपाकघरातल्या ओट्याच्या कडप्प्यावर सँडपेपरची मोठी शीट टेपने चिकटवली, शेल, म्हणजे ड्रमचा लाकडी सांगाडा, उलटा ठेवला आणि गोल-गोल घासत आधी पातळी सरळ केली. खोली अंधारी करून शेलमध्ये बल्ब ठेवला. कडेखालून कुठूनही उजेड डोकावला नाही, तेव्हा थांबलो. मग राऊटरवर, म्हणजे लाकूड कोरायच्या यंत्रावर, ४५ अंशांचं पातं लावून धार काढून घेतली, तीही आधी एका फुटक्या टॉमवर दोनदा हात बसवून. तीनेक मिलिमीटर लाकूड गेलं. आवाज परत आला, पण त्याच्या शेजारच्या तेरा इंचीशी तो आता जुळत नाही. मला ऐकू येतं. पोराला येत नाही, हे त्याचं नशीब.

म्हणून, ड्रम कणकणला की आधी प्रत्येक स्क्रू, प्रत्येक वॉशर हाताने तपासा. कित्येक जुन्या किटांच्या लगमध्ये स्प्रिंग असते, तीही वाजते. आपल्या भागात कापसाला काय तोटा? चिमूटभर आत कोंबा. लाकडाकडे सगळ्यात शेवटी या.

दुसरं, गादी. किकमध्ये उशी, चादर, एकाने तर अख्खी सतरंजी कोंबलेली. अरे बापा, बर्च आधीच कोरडं वाजतं. त्यात एवढं भरलं तर पोत्यावर काठी मारल्यासारखंच लागणार. मी एक टॉवेल घडी करून मागच्या हेडला टेकवतो, एवढंच.

भोकं पाडणं. दुसऱ्या कंपनीचा टॉम-होल्डर बसत नाही म्हणून शेलला ड्रिल? असं किट माझ्याकडे आणूच नका. वेगळा स्टँड घ्या.

काळा लॅकर घासून सोनेरी पेंट मारणं. यावर मी काही बोलत नाही.

चावीने हेड ताणताना घाई. रॉड, म्हणजे हेड ताणणारे लांब स्क्रू, आधी बोटांनी टेकेपर्यंत फिरवा, मग समोरासमोरचे, अर्धा-अर्धा वेढा. बोटाने फिरत नसेल तर आटे वेगळे आहेत. चावीने जोर लावला की लगचेही आटे गेले. सगळे जण एका बाजूने गोल पिळत जातात, कारण कार्यक्रम नऊला आणि हे साडेआठला हेड बदलतात.

इंग्लंडचं जुनं प्रीमियर मिळालं तर टेप घेऊन व्यास मोजा. साठच्या दशकाच्या शेवटापर्यंतचे त्यांचे ड्रम किंचित मोठ्या मापाचे असत. आजचं हेड त्यावर बसत नाही. पैसे देण्याआधी मोजा, नंतर नाही.

शेवटचं, ऊन. मे महिन्यात पारा ४५च्या वर, आणि किट दुपारभर ताडपत्रीखाली ४०७ टेम्पोच्या मागे. वरचं प्लास्टिकचं वेष्टण फुगतं आणि सांध्याजवळ सुटतं, मग पावसाळ्यात ओल नेमकी तिथूनच शिरते. मी प्रत्येक ड्रम गोधडीत बांधतो, गाडी रात्रीच काढायला लावतो आणि पोचल्यावर किट आधी झाडाखाली उतरवतो. आमचा ड्रायव्हर यावर भारी वैतागतो. परवा म्हणाला, "भाऊ, एवढी सावली तर घरच्या म्हातारीले नाही देत तुम्ही."