मदतकार्यासाठी दुबईच्या फ्री झोनमध्ये संस्था उघडताय? या चुका टाळा

कुठे भूकंप झाला, कुठे युद्ध पेटलं की गोव्यात चार चांगली माणसं एकत्र बसतात आणि एक विषय हमखास निघतो. आखाती देशांत काम करणारे आपले एवढे गल्फकार आहेत, मग मदतीची संस्थाच दुबईत का काढू नये? कल्पना चांगली आहे. दुबईत खास मानवतावादी मदतीसाठीचा फ्री झोन, म्हणजे सीमाशुल्काच्या हद्दीबाहेर धरलेलं क्षेत्र, २००३ पासून आहे. ‘इंटरनॅशनल ह्युमॅनिटेरियन सिटी’ या नावाने तो वाढला, २०२४ पासून ‘दुबई ह्युमॅनिटेरियन’ म्हणून ओळखला जातो. जेबेल अली बंदर आणि अल मक्तूम विमानतळ दोन्ही हाताशी, त्यामुळे बोटीने आलेला माल तिथून विमानाने उचलता येतो. जागतिक अन्न कार्यक्रम, जागतिक आरोग्य संघटना, निर्वासितांसाठीची संयुक्त राष्ट्रसंघाची संस्था यांचे साठे तिथूनही हलतात.

अर्ज मात्र दुबईत कमी अडकतात. ते अडकतात इथे, म्हापसा-फोंडा-मडगावात तयार झालेल्या कागदांत. आणि चुका वर्षानुवर्षं त्याच आहेत.

अपोस्टिलचा स्टिकर

गोव्यात ही चूक इतरांपेक्षा जास्त होते, त्याला कारण आहे. पोर्तुगीज नागरिकत्वासाठी लिस्बनला जन्मनोंद करायला इथल्या हजारो घरांनी कागदांवर अपोस्टिल, म्हणजे हेग करारातल्या देशांत कागद खरा मानला जावा म्हणून लागणारं प्रमाणपत्र, करून घेतलं आहे. एजंटांना ती वाट पाठ आहे. त्यामुळे ‘परदेशासाठी कागद करायचेत’ म्हटलं की कागद थेट अपोस्टिललाच जातो. पोर्तुगाल हेग अपोस्टिल करारात आहे, भारत २००५ पासून आहे. संयुक्त अरब अमिराती त्या करारात नाही. तिथे तो स्टिकर चालत नाही.

दुबईसाठीची साखळी वेगळी आहे: आधी नोटरी, मग राज्य सरकारचं साक्षांकन, मग दिल्लीच्या परराष्ट्र मंत्रालयाचं साधं साक्षांकन, त्यानंतर अमिरातीच्या दूतावासाचा शिक्का आणि शेवटी कागद तिथे पोचल्यावर त्यांच्या परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का. यातली एक कडी गळली की पुढची कचेरी कागद हातात धरत नाही.

प्रत्यक्षात काय होतं ते पाहा. नोंदणी प्रमाणपत्र, न्यासपत्र, ठराव आणि मुखत्यारपत्र असे चार कागद एकदम दिले जातात. महिन्याभराने ते परत येतात, प्रत्येकाच्या पाठीवर अपोस्टिलचा चौकोनी स्टिकर. सगळे खूश. दुबईत गेलेला माणूस खिडकीवर फाईल उघडतो, तिथला कारकून पहिला कागद उलटतो, दूतावासाचा शिक्का शोधतो आणि फाईल मिटून परत करतो. मग नवीन प्रती, नवीन नोटरी, सगळं पहिल्यापासून. तोवर ठरावातली तारीख जुनी झालेली असते, म्हणून पुन्हा बैठक बोलवावी लागते. दोन-अडीच महिने असे जातात, आणि ज्या भूकंपासाठी धावपळ चालू होती तिथला आणीबाणीचा काळ सरलेला असतो.

उपाय साधा आहे. एजंटला कागद देताना सोबत चिठ्ठीवर लिहून द्या: ‘अमिरातीसाठी, साधं साक्षांकन, अपोस्टिल नको.’ पावतीवर देशाचं नाव लिहून घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. ‘चार दिवसांत करून देतो’ म्हणणाऱ्याकडे जाऊच नका, तो हमखास एक पायरी गाळतो.

कागद पाठवण्याआधी नावांची स्पेलिंगंही जुळवा. आपल्याकडे एकाच माणसाचं आडनाव जुन्या जन्मदाखल्यावर पोर्तुगीज वळणाचं, पासपोर्टवर आजचं आणि न्यासपत्रावर तिसरंच असतं. नाईक, कामत, शेणवी या मंडळींनी खास पाहावं. दुबईत जो व्यवस्थापक होणार, त्याचं नाव सगळीकडे पासपोर्टप्रमाणे, अक्षर न् अक्षर तसंच हवं.

देणगीदाराचा पासपोर्ट न पाहणं

ही चूक सगळ्यांत महाग पडते.

‘आपलाच माणूस आहे, ह्याच वाड्यावरचा’ असं म्हणून इंग्लंडमधल्या स्विंडनहून, लंडनहून आलेली देणगी गोव्यातल्या ट्रस्टच्या साध्या खात्यात घेतली जाते. माणूस आपलाच आहे, यात वाद नाही. पण त्याने पोर्तुगीज नागरिकत्व घेतलं असेल तर कायद्याच्या नजरेत तो परकीय स्रोत आहे. ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळणारं) असलं तरी फरक पडत नाही. त्याचे पाचशे रुपयेसुद्धा परकीय देणगी ठरतात आणि २०१० च्या परकीय योगदान नियमन कायद्याखाली, म्हणजे एफसीआरएखाली, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय ते घेता येत नाहीत. उलट दुबईत वीस वर्षं राहिलेला पण भारतीय पासपोर्ट असलेला गल्फकार, किंवा बोटीवरचा तारवटी, स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पैसे देतो तेव्हा ती परकीय देणगी धरली जात नाही. माणूस कुठे राहतो याने फरक पडत नाही, पासपोर्ट कुठला यावर सगळं ठरतं.

इथे एक पळवाट सर्रास सुचवली जाते: पोर्तुगीज पासपोर्टवाल्याने गावातल्या आईच्या खात्यात पैसे घालायचे आणि आईने ट्रस्टला चेक द्यायचा. हे करू नका. परकीय स्रोतातून निघालेला पैसा एका किंवा अनेक हातांतून फिरून आला तरी परकीयच राहतो, असं कायद्याच्या व्याख्येतच स्पष्ट लिहिलेलं आहे. शिवाय ह्यात त्या म्हाताऱ्या बाईचं नाव कागदावर येतं. मदतीच्या कामात कोणाच्या आईला अडकवण्याइतकी घाई कसलीच नसते.

नोंदणी हवी असेल तर संस्था किमान तीन वर्षं जुनी हवी आणि मागच्या तीन आर्थिक वर्षांत तिने मूळ कामावर निदान १५ लाख रुपये खर्च केलेले हवेत. २०२० च्या दुरुस्तीनंतर परकीय देणगी फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच प्रथम उतरवता येते, प्रशासकीय खर्चाची मर्यादा २० टक्के आहे, आणि एका संस्थेने घेतलेली परकीय देणगी दुसऱ्या कोणालाही पुढे देता येत नाही. शेवटचा मुद्दा नीट वाचा. ‘गोव्यात गोळा करू आणि भागीदार संस्थेला देऊ’ हा मनातला आराखडा तिथेच संपतो.

आमची सवय सांगतो. देणगीच्या पावतीपुस्तकात दोन रकाने वाढवायचे, पासपोर्टचा देश आणि क्रमांक, आणि अनिवासी देणगीदाराकडून पासपोर्टच्या पहिल्या पानाची प्रत घ्यायची. विचारायला संकोच वाटतो खरा, पण दरवेळी विचारायचं, नातेवाइकालासुद्धा.

न्यासपत्रात ‘गोवा राज्य’ एवढंच

महाराष्ट्रातून आणलेला न्यासपत्राचा नमुना इथे वापरू नका. त्यात धर्मादाय आयुक्तांच्या मंजुरीची कलमं असतात. १९५० चा तो विश्वस्त व्यवस्था कायदा गोव्याला लागू नाही, त्यामुळे इथे धर्मादाय आयुक्तच नाही. इथे न्यासपत्र सब-रजिस्ट्रारकडे नोंदतात, सोसायटी १८६० च्या कायद्याखाली होते, आणि कलम ८ ची (ना-नफा) कंपनी पणजीच्या कंपनी निबंधकांकडे.

खरी अडचण कार्यक्षेत्राची असते. ‘गोवा राज्यातील गरजूंना’ असं लिहिलेल्या ट्रस्टला दुबईत शाखा उघडता येत नाही. बदल करायला जावं तर न्यासपत्रात दुरुस्तीचं कलमच नसतं, मग दिवाणी न्यायालय गाठावं लागतं. नवी संस्था असेल तर कार्यक्षेत्र आणि दुरुस्तीचं कलम पहिल्याच दिवशी लिहा. जुन्या संस्थेचे उद्देश बदलले तर प्राप्तिकर विभागाकडे ३० दिवसांत नव्याने अर्ज करावा लागतो, हेही विसरतात.

पैसे बाहेर नेण्याबद्दल तितकाच गोंधळ आहे. वर्षाला अडीच लाख डॉलर पाठवण्याची जी मुभा सगळ्यांना तोंडपाठ आहे, ती निवासी व्यक्तीसाठी आहे. ट्रस्टसाठी किंवा कंपनीसाठी नाही. आणि करमुक्त धर्मादाय ट्रस्टने भारताबाहेर केलेला खर्च आपोआप करमुक्त धरला जात नाही. १९६१ च्या कायद्यातलं कलम ११(१)(सी) त्यासाठी केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाचा आदेश मागतं. २०२५ च्या नव्या कायद्यात कलमांचे आकडे बदलले आहेत, तेव्हा आपल्या सीएकडून नवा आकडा आणि लेखी मत दोन्ही घ्या. तोंडी ‘होतं हो’ वर विसंबू नका.

ठरावाबद्दल थोडं. ‘दुबईत कार्यालय उघडावे’ या एका ओळीवर कोणी परवाना देत नाही. शाखेचं नाव, मूळ संस्थेचं नोंदणीप्रमाणे पूर्ण नाव, व्यवस्थापकाचं नाव व पासपोर्ट क्रमांक, आणि जागेचा करार, बँक खातं, नोकरभरती, सरकारी कचेऱ्यांपुढे सही हे चारही अधिकार वेगवेगळे लिहा. शाखेच्या देण्याची जबाबदारी मूळ संस्था घेते, हे वाक्यही हवंच.

‘फ्री’ शब्दावर भिस्त

फ्री झोनमधला माल सीमाशुल्काच्या हद्दीबाहेर धरतात, म्हणून साठवताना आणि पुढे तिसऱ्या देशात पाठवताना शुल्क नाही. तोच माल दुबई शहरात वाटायला नेला की सर्वसाधारणपणे ५ टक्के सीमाशुल्क आणि ५ टक्के व्हॅट समोर येतो. जून २०२३ पासून सुरू होणाऱ्या आर्थिक वर्षांना कॉर्पोरेट करही आहे, ३,७५,००० दिरहॅमच्या वरच्या नफ्यावर ९ टक्के. संस्था ना-नफा आहे म्हणून ती आपोआप सुटत नाही. सूट मिळण्यासाठी तिथल्या मंत्रिमंडळाच्या यादीत नाव असावं लागतं.

परवाना मिळाला म्हणजे वर्गणी गोळा करायची मोकळीक मिळाली, असंही नाही. अमिरातीत परवानगीशिवाय देणग्या मागणं हा गुन्हा आहे, आणि व्हॉट्सॲपवर टाकलेलं आवाहनही त्यात येतं. गावच्या मंडळाच्या ग्रुपवर खातेक्रमांक टाकणाऱ्या मुलाची नोकरी आणि व्हिसा दोन्ही पणाला लागतात. त्याला आधी सांगा.

औषधं: मुदत आणि ऊन

वेर्णा, कुंडई, पिळर्ण इथे औषधांचे कारखाने आहेत, त्यामुळे गोव्यातल्या संस्थेला औषधं सहज मिळतात. मिळतात ती बहुधा मुदत संपत आलेली. मार्चअखेर गोदाम रिकामं करायचं असतं, चाळीस खोकी दारात येतात, आणि देणगी म्हणून ती घेतली जातात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे दान केलेल्या औषधाची, ते दुसऱ्या देशात पोचतं तेव्हा, किमान एक वर्ष मुदत उरलेली हवी. आता हिशोब करा. कागदपत्रं आणि न्हावा शेव्यापर्यंतचा ट्रक यात एक महिना, बोट आणि जेबेल अलीची सुटका यात आणखी एक. दुबईचा साठा हा पुढच्या आपत्तीसाठी राखलेला असतो, म्हणजे तो सहा महिने तरी पडून राहणार. म्हणून गोव्यातून निघताना २० महिन्यांपेक्षा कमी मुदतीचं काहीही उचलायचं नाही. मुदत संपलेली औषधं तिथे नष्ट करावी लागतात, ती परवानाधारक यंत्रणेकडून आणि साठा ज्याच्या नावावर त्याच्या खर्चाने.

ऊन त्याहून वाईट. ‘३० अंशांखाली ठेवा’ छापलेली खोकी साध्या कंटेनरमधून मे-जूनमध्ये पाठवली जातात. यार्डात उन्हात उभ्या कंटेनरच्या आत पारा ५० च्या वर सहज जातो. कॅप्सूल एकमेकांना चिकटतात, सपोझिटरी वितळतात, मलमं फुटतात. वरून खोका मात्र नवाकोरा दिसतो, आणि ही खरी भीती आहे. तापमान-नियंत्रित कंटेनर घ्या, किंवा नोव्हेंबर ते फेब्रुवारीत पाठवा. तापमान नोंदवत राहणारे दोन डेटा लॉगर ठेवा, एक दाराजवळ, एक मधोमध वरच्या थरात. खोक्यावर ब्रँडपेक्षा औषधाचं मूळ नाव मोठं लिहा. ज्या देशातल्या नर्सच्या हाती ते पडणार, तिला आपला ब्रँड ठाऊक नसतो.

बाकीच्या

पावसाळ्यात पॅकिंग करू नका. जुलैत म्हापशाच्या गोदामात भरलेलं खोकं ओल पिऊनच निघतं आणि कंटेनरच्या घामाने ब्लँकेटना बुरशी धरते. भरावंच लागलं तर प्लॅस्टिकचं आतलं अस्तर आणि ओल शोषणाऱ्या पिशव्या टाका.

गावच्या सुताराने केलेले आंब्याच्या फळ्यांचे पॅलेट चालत नाहीत. लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवलेलं आणि त्यावर गव्हाच्या कणसाचा शिक्का हवा.

‘मोफत माल’ म्हणून इन्व्हॉइसवर शून्य किंमत लिहू नका. खरी बाजारभावाची किंमत लिहा आणि खाली ‘किंमत फक्त सीमाशुल्कासाठी, विक्रीसाठी नाही’. पैसे परत येणार नाहीत अशा निर्यातीसाठी बँकेकडून आधी लेखी घ्या.

जुने कपडे पाठवू नका.

व्हिसा मिळावा म्हणून संस्था काढू नका. अशा अर्जांमुळे खऱ्या संस्थांकडेही संशयाने पाहिलं जातं, बँका खातं उघडायला महिने लावतात.

आणि वर्षाला एक-दोन कंटेनरच जाणार असतील तर नोंदणीच्या वाटेला जाऊ नका. वार्षिक परवाना, गोदामाचं भाडं, पूर्णवेळ व्यवस्थापक, लेखापरीक्षण हा खर्च दोन कंटेनरना झेपत नाही. झोनमध्ये आधीच सदस्य असलेल्या संस्थेशी लेखी करार करा आणि तिच्या नावाने माल पाठवा. करारात तीन गोष्टी स्पष्ट लिहा: साठा कोणाच्या मालकीचा, मुदत संपल्यास नष्ट करण्याचा खर्च कोणाचा, आणि आपत्ती आल्यावर माल सोडण्याचा होकार कोण व किती तासांत देणार. तिसऱ्या मुद्द्यापुढे दोन माणसांची नावं आणि दोन फोन नंबर हवेत, त्यातला एक चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या, दिवसांतही उचलला जाणारा.