हळदीचा रिपोर्ट नापास का होतो? क्लोरोइथेनॉलबाबत या चुका टाळा

हिंगोली, वसमतची हळद युरोपात पाठवायची म्हटली की शेतकरी उत्पादक कंपन्यांना एक प्रश्न हमखास पडतो: गॅस तर उडून गेला, मग माल नापास कसा?

मूळ चूक इथेच आहे. जंतू मारायला वापरलेला इथिलीन ऑक्साइड हा गॅस 10.7 अंशालाच उकळतो, त्यामुळे हवा लागली की बराचसा निघून जातो. पण मालात असेपर्यंत तो हळदीतल्या क्लोराइड क्षारांशी जुळतो आणि 2-क्लोरोइथेनॉल बनते. हे क्लोरीनयुक्त अल्कोहोल सुमारे 128 अंशाला उकळते. पोती उन्हात पसरून ते निघेल, ही आशा सोडा.

कारखान्यात हेच रसायन क्लोरीनच्या पाण्यात इथिलीन सोडून करतात. हायपोक्लोरस आम्ल इथिलीनला जोडले जाते. 1859 मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ वुर्ट्झ यांनी क्लोरोइथेनॉलवर अल्कलीची क्रिया करून पहिल्यांदा इथिलीन ऑक्साइड मिळवले. म्हणजे हळदीत घडते ते नेमके उलट्या दिशेने. रंग आणि औषधांच्या कारखान्यांत क्लोरोइथेनॉल कच्चा माल म्हणून लागते. शुद्ध द्रव त्वचेतूनही शरीरात शिरतो आणि जिवावर बेततो.

दुसरी चूक रिपोर्ट वाचताना होते. इथिलीन ऑक्साइडपुढे 'आढळले नाही' दिसले की लोक निर्धास्त होतात. युरोप मात्र दोन्हींची बेरीज धरतो. क्लोरोइथेनॉलच्या आकड्याला 0.55 ने गुणायचे आणि ते इथिलीन ऑक्साइडमध्ये मिळवायचे. समजा किलोमागे 0.30 मिलिग्रॅम क्लोरोइथेनॉल निघाले, तर हिशोबात ते 0.165 होते. मसाल्यांची मर्यादा आहे 0.1. माल गेला! तिळाला तर 0.05 च आहे, म्हणून तीळवाल्यांनी जास्तच जपावे.

अमेरिकेत पास झाला म्हणून युरोपातही चालेल, असे धरू नका. अमेरिकेत मसाल्यांसाठी दोघांची मर्यादा वेगवेगळी आहे: इथिलीन ऑक्साइड 7 आणि क्लोरोइथेनॉल तब्बल 940 पीपीएम (म्हणजे किलोमागे मिलिग्रॅम).

गोदामात किडीसाठी ठेवतात त्या फॉस्फिनच्या गोळ्यांवरही उगाच खापर फुटते. त्यांच्यातून क्लोरोइथेनॉल तयार होत नाही.

माझ्या मते खरे दुखणे खळ्यावर आहे. शिजवलेली हळद उघड्या जमिनीवर वाळते, अवकाळीत भिजते, जंतू वाढतात, आणि मग प्रक्रियावाला गॅसचा सोपा मार्ग धरतो. हळकुंडे स्वच्छ ताडपत्रीवर किंवा सिमेंटच्या खळ्यावर वाळवा. ओलावा 10 टक्क्यांच्या आत आल्याशिवाय पोती शिवू नका. निर्जंतुकीकरण लागलेच तर वाफेचे करून घ्या आणि 'इथिलीन ऑक्साइड वापरणार नाही' हे प्रक्रियावाल्याकडून लेखी घ्या. माल त्याच्याकडे देण्याआधी प्रत्येक लॉटचा सीलबंद नमुना स्वतःकडे ठेवा. पुढे वाद झाला, तर दोष कुठे शिरला ते त्यावरूनच दाखवता येते.